सील ओरिजिनलच होतं, तरी ऑइल गळत होतं : एका पेट्रोल हॅचबॅकचं प्रकरण

गाडी २०१४ची पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडरचं १.२ लिटरचं इंजिन, मॅन्युअल गिअर, ९० हजाराच्या पुढं चाललेली. मालक इथंच कोल्हापुरात शाळेत शिकवतात, सासरवाडी रत्नागिरी, त्यामुळं आंबा घाट वर्षभर चालूच. तक्रार अशी की इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जोडलेत तिथून खाली ऑइल ठिबकतंय. आणि हे पहिल्यांदा नाही. सहा-सात महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजला गिअरबॉक्स खाली घेऊन क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या शाफ्टचं, मागचं ऑइल सील बदललं होतं, त्याच वेळी क्लच सेटही नवा टाकला होता, दोन-तीन महिने कोरडं राहिलं आणि परत डाग सुरू.

सरांचं मत पक्कं होतं, डुप्लिकेट सील टाकून फसवलं. "मिस्त्री, तुम्ही फक्त ओरिजिनल सील टाका, बाकी काही बघायची गरज नाही."

आता गिऱ्हाईक असं म्हटलं की सरळ गिअरबॉक्स उतरवून सील टाकून पैसे घ्यायचा मोह होतो, काम पण मोठं असतं. पण नवं सील दोन-तीन महिन्यांत गळलं तर सीलच्या पलीकडं काहीतरी असणार हे धरून चालावं लागतं. सील बिचारं फिरणाऱ्या शाफ्टवर रबराची बारीक कड टेकवून बसलेलं असतं. आत ऑइल, बाहेर हवा, मध्ये ती कड आणि तिला दाबून धरणारी बारीक गोल स्प्रिंग, एवढाच त्याचा संसार. आतून दाब आला, शाफ्टला खाच पडली किंवा सील तिरकं बसलं तर कुठल्याही कंपनीचं असू दे, ते गळणारच.

बोलता बोलता एक गोष्ट कळली जी सरांना महत्त्वाची वाटत नव्हती. गावात शाळा-घर-मंडई करताना डाग फारसा पडत नाही, रत्नागिरीहून परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये मोठा डाग असतो. जाताना नाही, येताना. जाताना घाट उतार आहे आणि येताना साखरप्याकडून वर आंब्यापर्यंत चढ आहे. हे ऐकल्यावरच माझ्या डोक्यात सीलच्या आधी ब्रीदर, म्हणजे इंजिनच्या आतला गॅस बाहेर सोडायची वाट, आली, पण आधी गळती नक्की कुठली ते ठरवायचं होतं.

इथं बरेच जण घाई करतात. गिअरबॉक्सच्या खालच्या भोकातून ऑइल पडतंय म्हणजे मागचं सील गेलं असं धरतात. ऑइल उताराकडं पळतं आणि पळताना फॅनच्या वाऱ्यानं मागं फेकलं जातं, त्यामुळं वर टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग पाझरत असलं तरी ओघळ इंजिनच्या पाठीमागून खाली येऊन बरोबर त्याच भोकाशी ठिबकतो. ऑइल प्रेशर स्विच पाझरतो, कॅम सेन्सरचं ओ-रिंग कडक होतं, हेडच्या मागच्या बाजूचा प्लग सुटतो, या सगळ्यांचा डाग खालून बघितला तर एकाच जागी दिसतो. शिवाय त्याच भोकातून गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलचं ऑइलही येऊ शकतं. ते ओळखायला नाक पुरतं, गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, एकदा घेतला की विसरत नाही. इथं वास साधा आणि रंग काळपट तपकिरी, म्हणजे इंजिन ऑइलच.

मग इंजिन धुतलं. कॉइल, अल्टरनेटर, कनेक्टर प्लास्टिकनं गुंडाळून डिग्रीझर मारला, कमी प्रेशरनं पाणी, नंतर कंप्रेसरची हवा मारून पूर्ण कोरडं केलं. हे न करता टॉर्च घेऊन शोधणं म्हणजे वेळ वाया, मळलेल्या इंजिनवर नवा-जुना ओघळ वेगळा दिसतच नाही. इंजिन ऑइलमध्ये चालणारा डाय, म्हणजे निळ्या टॉर्चच्या उजेडात चमकणारा रंग, टाकला, गाडी सरांना चालवायला दिली आणि आल्यावर निळा टॉर्च मारून वरून खाली बघत गेलो. टॅपेट कव्हर कोरडं, स्विच कोरडा, हेडची पाठ कोरडी, आणि जोडाच्या खालच्या भोकाशी मात्र हिरवट पिवळी चमक. म्हणजे गळती मागच्या सीलच्याच भागातली, इथपर्यंत आधीचं गॅरेज बरोबरच होतं.

आता दाब. इंजिन चालू असताना पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या पोकळीत, येतोच, नव्या इंजिनमध्येसुद्धा येतो. तो बाहेर काढायला दोन रस्ते असतात. एक पीसीव्ही व्हॉल्व्ह, त्यातून इंजिन स्वतःच्या ओढीनं तो गॅस परत इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घ्यायच्या वाटेत, खेचून जाळतं. दुसरा टॅपेट कव्हरवरून एअर फिल्टरच्या पाइपला जाणारा होज. एरवी त्या होजमधून ताजी हवा आत येते, पण पूर्ण अॅक्सिलरेटर दाबून चढ चढताना इनटेकची ओढ जवळपास संपते, रिंगांमधून येणारा गॅस वाढतो, आणि जादाचा गॅस त्याच होजमधून उलटा बाहेर पडतो. म्हणजे घाटात सगळी भिस्त त्या होजवर.

हे मोजायला महागडं मीटर लागत नाही. माझ्याकडं जुनी ऑइल कॅप आहे, तिला भोक पाडून निपल बसवलाय. त्याला पारदर्शक नळी, नळी यू आकारात पट्टीवर चिकटवलेली, आत शाईचं निळं पाणी. डिपस्टिकच्या नळीला लावून पण बघतात लोक, पण कित्येक इंजिनांत तिचं खालचं टोक ऑइलमध्ये बुडालेलं असतं मग रीडिंग फसवं येतं, कॅप बरी. चांगल्या पेट्रोल इंजिनला आयडलला पाणी थोडं इंजिनकडं ओढलं गेलं पाहिजे. या गाडीत ते जागेवरून हललं न हललं असं करत होतं. उभ्या गाडीत रेस देऊन पण फार काही दिसेना, आणि दिसणारही नाही, कारण उभ्या गाडीवर लोड नसतो. म्हणून यू नळी डाव्या सीटसमोर चिकटवली, लांब नळी खिडकीतून आत घेतली, गॅरेजमधल्या पोरग्याला ती बघायला बसवलं आणि पन्हाळ्याचा चढ धरला. दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की पाणी बाहेरच्या बाजूला पाच-सहा इंच ढकललं जात होतं, पाय सोडला की हळूहळू खाली. पोरगं म्हणालं, "बंब फुटतोय की काय आता!"

परत येऊन पीसीव्ही काढला. हलवला तर आतलं वाजलंच नाही. चांगला व्हॉल्व्ह कानाशी धरून हलवला की खुळखुळतो, हा काळ्या चिकट गाळानं जवळपास जाम होता. ऑइल कॅपच्या आतून दुधाच्या सायीसारखा पिवळट थर. ही साय पाण्याची असते, रोज दोन-तीन किलोमीटर शाळेत जाऊन गाडी बंद, इंजिन नीट तापतच नाही, आत धरलेली वाफ उडून जात नाही आणि ऑइलमध्ये मिसळून गाळ होतो. लोकांना वाटतं गाडी कमी चालते म्हणजे ऑइल उशिरा बदललं तरी चालेल, खरं तर छोट्या फेऱ्यांच्या गाडीला ते लवकर बदलायला पाहिजे. अशी साय दिसली की हेड गॅस्केटमधून पाणी जात नाही ना ते पण बघायचं, इथं कूलंट कमी होत नव्हता आणि लांबच्या प्रवासानंतर साय कमी दिसायची, म्हणून तो संशय सोडला.

पण एकट्या पीसीव्हीनं एवढा दाब येत नाही, दुसरा रस्ता मोकळा असायला पाहिजे होता. तो होज बघितला आणि सगळं समजलं. मूळ होज साच्यात वळण घालूनच बनवलेला असतो. तो कधीतरी तुटला असणार, त्याच्या जागी कुणीतरी सरळ पेट्रोल पाइप कापून लावला होता, आणि एअर फिल्टरच्या बॉक्सखाली जिथं वळायला जागा कमी तिथं तो मुडपून चपटा झाला होता. वरून हात लावला तर घट्ट बसलेला, क्लिपा व्यवस्थित, बघणाऱ्याला शंका येणार नाही. बॉक्स काढल्यावरच घडी दिसते. त्यातून तोंडानं फुंकून बघितलं तर गाल दुखले, हवा नावाला जात होती.

त्याच वेळी चारी सिलिंडरचं कंप्रेशन घेतलं. सारखं आणि चांगलं आलं. हे घेणं गरजेचं होतं, रिंगा गेल्या असत्या तर नवा व्हॉल्व्ह आणि नवा होज टाकून सुद्धा दाब राहिलाच असता आणि मग सरांना वेगळंच खर्चाचं बोलावं लागलं असतं.

काही शे रुपयांचा व्हॉल्व्ह, एक साच्यातला होज, टॅपेट कव्हर काढून आतली जाळी धुतली, कव्हरचं पॅकिंग नवं. यू नळी परत लावली, आयडलला पाणी आता छान आत ओढलं जातंय आणि चढाला जवळपास जागेवर. सरांनी विचारलं आता सील बदलायची गरज आहे का, की एवढ्यावर भागेल. प्रश्न योग्यच होता आणि कधी कधी भागतंही. इथं गळती बरीच कमी झाली पण थांबली नाही, आणि पहिल्या गिअरला गाडी उचलताना क्लच थरथरत होता, म्हणजे प्लेटला ऑइल लागलेलं. गिअरबॉक्स खाली घेणं आलंच.

मध्ये सरांना कुणीतरी सांगितलं होतं की ऑइल जाड टाका, २०डब्ल्यू-५० टाकलं की गळती बंद. जुन्या ट्रॅक्टरला सांगायचा सल्ला आहे हा. आजच्या इंजिनमध्ये ऑइलच्या वाटा बारीक, कॅमचा टायमिंग बदलणारी यंत्रणा पण ऑइलच्याच दाबावर चालते, पुस्तकात ५डब्ल्यू-३० लिहिलंय तर तेच टाकायचं. गळती थांबवणारं बाटलीतलं औषध पण आधी एकदा टाकून झालं होतं. त्यानं रबर थोडं फुगतं, कडक झालेल्या जुन्या सीलला काही दिवस फरक पडतो सुद्धा, पण कड दुमडलेली असेल तर त्याचा उपयोग शून्य.

आणि कड दुमडलेलीच निघाली. दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट काढले, गिअर ऑइल काढलं, इंजिनला वरून आधार देऊन गिअरबॉक्स खाली घेतला, क्लच काढला. फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या टोकावरचं जड चाक, काढायच्या आधी त्याच्या मागं टॉर्च मारून ओघळ बघून घ्यायचा, काढल्यावर पुरावा पुसला जातो. बऱ्याच इंजिनांत फ्लायव्हीलच्या बोल्टची भोकं क्रँकच्या आरपार आत ऑइलपर्यंत जातात, आट्यांना सीलंट नसेल तर ऑइल बोल्टमधून येतं आणि शिव्या सीलला बसतात. इथं बोल्टची डोकी कोरडी होती, ओघळ सीलच्या खालच्या बाजूनं, घड्याळातल्या सहाच्या जागेवरून सुरू झालेला.

सील समोर आलं तेव्हा आधी हात न लावता व्हर्नियरनं, म्हणजे बारीक माप घ्यायच्या पट्टीनं, खोली मोजली. वरच्या बाजूला हाउसिंगच्या, म्हणजे सील बसतं त्या घराच्या, कडेशी सपाट, खालच्या बाजूला दीड मिलिमीटर आत. बाहेरच्या कडेवर तीन ठिकाणी पोचे, सॉकेट ठेवून हातोडीनं ठोकल्याचे. काढून उलटं केलं तर खालच्या भागात कड आत दुमडलेली आणि तिथं स्प्रिंग खोबणीतून बाहेर. आणि सीलवर मूळ कंपनीला माल पुरवणाऱ्याचाच मार्क, नंबर बरोबर, साइज बरोबर. डुप्लिकेट अजिबात नव्हतं. सरांना बोलावून दाखवलं, ते बराच वेळ सील हातात घेऊन फिरवत बसले.

काढायची पद्धत पण सांगतो, इथंच बरेच क्रँक बिघडतात. स्क्रू ड्रायव्हर शाफ्टच्या बाजूनं घुसवून उचकटायचं नाही, क्रँकवर एक ओरखडा पडला की त्यातून कायमची वाट मिळाली. सीलच्या धातूच्या भागात बारीक भोक, ड्रिलच्या टोकाला ग्रीस म्हणजे कीस त्यालाच चिकटतो, त्यात स्क्रू आणि स्क्रूला धरून ओढायचं. ड्रिल खोल जाऊ नये म्हणून बिटला टेप गुंडाळायची.

क्रँकवर जिथं कड घासत होती तिथं चमकदार पट्टा होता. नख आडवं फिरवलं तर किंचित अडकत होतं, फार नाही. खाच खोल असती तर पातळ स्टीलची स्लीव्ह चढवावी लागली असती, ती पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची असते त्यामुळं सील त्याच साइजचं चालतं. इथं दुसरा उपाय शक्य होता. हाउसिंगमध्ये मागंपुढं जागा होती, सील एक मिलिमीटर बाहेर ठेवलं की नवी कड खाचेवर न बसता कोऱ्या जागेवर बसते. फ्लायव्हीलला घासत नाही हे आधी मोजून घेतलं. शाफ्ट बारीक पॉलिश पेपरनं फक्त गोल दिशेनं पुसला, आडवं-तिडवं घासलं तर आट्यासारख्या रेघा पडतात आणि शाफ्ट फिरताना त्याच ऑइल बाहेर खेचतात.

सील आणायला उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागात, गेलो. ज्यांना सवय नाही त्यांच्यासाठी, सीलवर ८०×९८×१० असं काही लिहिलेलं असतं, म्हणजे शाफ्टचा व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, मिलिमीटरमध्ये. पण आकडे जुळले म्हणून सील जुळलं असं नाही, मटेरियल बघायचं. साधं नायट्राइल रबर १०० अंशांच्या आसपास कायम तापत राहिलं की कडक पडतं, गरम इंजिनच्या मागच्या सीलला ते टिकत नाही. ॲक्रिलिक रबर १५०च्या आसपास, आणि एफकेएम म्हणजे ज्याला दुकानदार व्हिटॉन म्हणतात ते २०० अंशांपर्यंत. या इंजिनला एफकेएम येतं, तेच घेतलं. जाता जाता, जुनी व्हिटॉनची सीलं कचऱ्यात टाकून पेटवू नका, ३०० अंशांच्या वर त्यातून हायड्रोजन फ्लोराइड निघतो, तो फुप्फुसाला आणि कातडीला फार वाईट.

आता एक मोठा घोळ जो हल्ली खूप होतोय. नवीन पुष्कळ गाड्यांत मागचं सील पीटीएफईचं, म्हणजे टेफ्लॉनचं, येतं, त्याला स्प्रिंग नसते, कड पातळ रुंद पांढरट किंवा काळी, आणि ते प्लास्टिकच्या रिंगवर चढवूनच पाकिटात येतं. ती रिंग काढून टाकायची नाही, ती शाफ्टवर टेकवून सील तिच्यावरून सरकवायचं असतं. आणि ते पूर्ण कोरडं बसवायचं, ऑइल नाही ग्रीस नाही, शाफ्ट पण पुसून कोरडा. बसवल्यावर कडेला शाफ्टचा आकार घ्यायला वेळ द्यायचा, बऱ्याच कंपन्या चार तास इंजिन फिरवू नका म्हणतात. याउलट स्प्रिंगवाल्या रबरी सीलला कडेवर इंजिन ऑइल लावूनच बसवायचं, कोरडं बसवलं तर पहिल्याच स्टार्टला कड भाजते. "सगळ्या सीलला ऑइल लावा" असं शिकून आलेली पोरं पीटीएफईला ऑइल लावतात आणि मग ते गळतं. आपल्या गाडीचं सील स्प्रिंगवालं होतं, ऑइल लावलं.

क्रँकच्या टोकाची धार कडेला लागू नये म्हणून जुन्या एक्स-रे फिल्मची गोल गुंडाळी करून शाफ्टवर घातली, सील तिच्यावरून सरकवलं आणि फिल्म हळूच ओढून घेतली. ठोकायला लेथवाल्याकडून नायलॉनची रिंग टर्न करून घेतलेली आहे, तिनं पूर्ण गोलावर सारखा दाब येतो. थोडं ठोकायचं, चार बाजूंना व्हर्नियरनं मोजायचं, परत थोडं. शेवटी चारी जागी खोली सारखी आल्यावरच सोडलं. एवढंच काम आधी झालं असतं तर कदाचित वाढलेल्या दाबातही ते सील जास्त दिवस निभावलं असतं, सांगता येत नाही.

सीलचं हाउसिंग आणि खालचा सम्प, म्हणजे ऑइलचं भांडं, जिथं मिळतात त्या दोन कोपऱ्यांत पण सिलिकॉन सुटलं होतं, तिथं जुनं खरवडून नवं भरलं. तीन भाग एका ठिकाणी मिळतात ती जागा नेहमीच कच्ची असते. फ्लायव्हीलचे बोल्ट नवे, आट्यांना सीलंट, पुस्तकातल्या टॉर्कला समोरासमोर आवळले. क्लच प्लेट ऑइल पिऊन बसली होती ती बदलावीच लागली, धुऊन चालत नाही, गरम झाली की आतलं ऑइल परत वर येतं. प्रेशर प्लेट चांगली होती, क्लीनरनं पुसून ठेवली. सरांना सात महिन्यांची प्लेट फेकायचं दुःख झालं ते बरोबरच आहे.

ड्राइव्ह शाफ्ट निघालेलेच होते म्हणून गिअरबॉक्सची दोन्ही बाजूंची सीलं पण बदलली. बऱ्याच गाड्यांत ही डावी-उजवी वेगळी असतात, कडेवर तिरक्या बारीक रेघा असतात ज्या फिरताना ऑइल आत ढकलतात आणि सीलवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. अदलाबदल झाली तर नवं सीलच ऑइल बाहेर फेकतं. शाफ्ट परत घालताना त्याचा भार सीलवर टेकला तर स्प्लाइनची, म्हणजे शाफ्टच्या टोकावरच्या दात्यांची, धार कड कापते, एकानं बाहेरून धरायचा आणि दुसऱ्यानं सरळ रेषेत आत द्यायचा.

इंजिन ऑइल आणि फिल्टर नवा, गिअर ऑइल लेव्हलच्या भोकापर्यंत, परत डाय टाकला. सर पुढच्या शनिवारी रत्नागिरीला गेले, रविवारी रात्री घाट चढून आले आणि सोमवारी शाळेला जायच्या आधी गाडी इथं आणली. रॅम्पवर घेऊन निळा टॉर्च मारला, जोड कोरडा, भोक कोरडं, दोन्ही शाफ्ट कोरडे. पावसाळा संपल्यावर ऑइल बदलायला आले तेव्हा परत बघितलं, तसंच होतं, आणि कॅपखालची साय पण नव्हती कारण आता शाळेत चालत जातात आणि गाडी लांबच्याच कामाला काढतात. त्यांच्या जॉब कार्डवर मी पीसीव्ही प्रत्येक सर्व्हिसला हलवून बघणे आणि होज बॉक्स काढून बघणे असं लिहून ठेवलंय. आधीच्या गॅरेजकडं पैसे मागायचे का असं त्यांनी विचारलं होतं, जुनं सील आणि खोलीच्या मापांचा कागद त्यांच्या हातात दिला, पुढं काय झालं मी विचारलं नाही.